बिजलीचं दार

वीस बिऱ्हाडांपैकी एकोणीस गेली. उरलं ते चौथ्या मजल्यावरचं उदयसिंहचं, आणि तेही एका म्हातारीपायी.

नेरूळची ती बिल्डिंग जुनी, बिनलिफ्टची, जिन्याचे कठडे गंजलेले. ती पाडून तिथं टॉवर व्हायचा होता. मीटिंगा झाल्या, भांडणं झाली, सह्या झाल्या, आणि एकतीस मार्चला पाणी तोडणार अशी नोटीस जिन्याखाली चिकटली. मग काय, रोज खाली टेम्पो. कपाटं उतरली, तुळशी उतरल्या, कुणाचा तरी पोपट पिंजऱ्यासकट उतरला. उदयसिंहनंही तळोज्याला भाड्यानं घर बघून ठेवलं होतं. त्याची केमिकल कंपनी तिथून दहा मिनिटांवर, बिल्डिंगला लिफ्ट, लिफ्टपासून दार पाच पावलांवर. सगळं कसं जुळून आलं होतं. थोरलीआई तेवढी म्हणाली, "तुमी जावा खुशाल. मी हितनं हलायची न्हाय."

थोरलीआई म्हणजे रंगूबाई. उदयसिंहच्या वडिलांचे थोरले भाऊ बाबासो, त्यांची ही बायको. लग्नाला सात महिने झाले होते तेव्हा पासष्टची लढाई लागली, आणि रणगाड्यावर ड्रायव्हर असलेले बाबासो सीमेवर गेले. पुढं साताऱ्याकडच्या त्यांच्या गावात तार आली ती एवढीच, की जवान बेपत्ता आहे. मेला म्हणावं तर तसं नाही, शत्रूनं धरला म्हणावं तर तसंही नाही. सतरा वर्षांची रंगूबाई त्या एका शब्दापाशी जी बसली ती बसलीच. तिचा बाप बैलगाडी जुंपून तिला माहेरी न्यायला आला, तर सासऱ्यानं त्याला दारातच सांगितलं, "माझा पोरगा जिता हाय. सुनंला कुटं न्हेता?" बाप आल्या पावली परत गेला. सात-आठ वर्षांनी सरकारचं पत्र आलं, की सदर जवानास मृत समजण्यात येत आहे. रंगूबाईनं ते दुसऱ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, "त्यास्नी समजायचं तर समजू देत. मी न्हाय समजत." गळ्यातली काळी पोत काढली नाही, कुंकू पुसलं नाही. दिराची पोरं आपली म्हणून वाढवली. उदयसिंह तर आईपेक्षा तिच्याच हातचं जास्त जेवला.

बरं, मग ह्या नेरूळच्या घराला असं काय सोनं लागलं होतं? काही नाही हो, पत्ता लागला होता. गावचं घर बंद करून ती इकडं आली तेव्हा तिनं उदयसिंहला लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र घालायला लावलं, की आमचा पत्ता बदलला आहे, नोंद घ्यावी. आणि काय नवल, महिन्याभरात पोच आली! शिक्का मारलेली, सही केलेली. ती पोच तिनं ट्रंकेत लुगड्याच्या घडीत जपून ठेवली. आता तळोज्याला जायचं ठरल्यावर उदयसिंहनं दुसरं पत्र घातलं, मग तिसरं, रजिस्टर करून. पोच येईना. आणि पोच येईना म्हणून म्हातारी हलेना. "ते आले आन् हितं बिल्डिंगच दिसली न्हाय, तर कुणाला इच्यारतील?" येणारे बाबासो आता ऐंशीच्या पुढचे असणार, हा हिशेब घरात कुणी तिच्यासमोर मांडायला धजावत नव्हतं.

तिचे स्वतःचे गुडघे असे धरले होते की तीन वर्षांत ती जिना उतरली नव्हती. हॉल, स्वयंपाकघर आणि लोखंडी जाळी बसवून बंद केलेली गॅलरी, एवढंच तिचं जग. त्या गॅलरीत एका कडेला तिची खाट आणि दुसऱ्या कडेला उदयसिंहचं टेबल.

त्या टेबलाचं सांगायलाच हवं. उदयसिंहला रणगाड्यांचं वेड. खरे नव्हेत, प्लॅस्टिकचे, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचे. किट आणायचं, त्यातले शेकडो सुटे भाग कापायचे, घासायचे, चिमट्यात धरून चिकटवायचे, रंगवायचे, आणि मग इतक्या मेहनतीनं केलेल्या त्या गाडीवर पुन्हा खोटा चिखल नि खोटा गंज चढवायचा. दोन पेरांएवढे जवान, त्यांच्या डोळ्यांत बाहुल्यासुद्धा. पन्नाशीला आलेला माणूस, दिवसभर कंपनीत टाक्यांचे व्हॉल्व्ह तपासतो आणि घरी येऊन रणगाड्याचे बोल्ट मोजतो, तेही जाडजूड पुस्तकांतल्या फोटोंशी ताडून. एक बोल्ट कमी भरला तर जेवण गोड लागत नाही. त्याची बायको उज्वला वाशीच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. ती म्हणायची, "अहो, माझ्या तोंडावर तीळ कुठे आहे ते न बघता सांगा बरं." त्याला कधी सांगता आलं नाही. शर्मन रणगाड्याच्या चाकाला बोल्ट किती ते विचारा, झोपेत सांगेल.

म्हातारी मात्र त्याला कधी हसली नाही. खाटेवर भिंतीला टेकून बसायची आणि त्याच्या हातांकडं बघत राहायची. बघायला तिला दुसरं होतं तरी काय? जाळीतून समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसायची, तेवढंच. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ती अचानक म्हणाली, "उदा, इतक्या गाड्या केल्यास. त्यांची कर की."

"कुणाची?"

"आता कुणाची म्हून काय इच्यारतोस, येड्या?" असं म्हणत तिनं पदर डोक्यावर ओढला. नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. ट्रंक उघडून तिनं बाबासोंचं पत्र काढलं. एकच एक पत्र, पेन्सिलीनं लिहिलेलं, घड्यांवर फाटलेलं. त्यात होतं, 'आमच्या गाडीचे नाव बिजली आहे. शर्मन जातीची आहे. मी पुढे डाव्या अंगाला बसून हाकतो. माझ्या डोक्यावर माझे स्वतंत्र दार आहे, तरी काळजी नसावी.'

"ते दार उगडं ठिव," म्हातारी म्हणाली. "त्यास्नी भाईर निगताना कर. निम्मं भाईर आल्यालं."

उदयसिंहचा ऊर भरून आला. एवढ्या वर्षांत घरातल्या कुणी त्याला काही बनवायला सांगितलं होतं का? त्यानं आतल्या सगळ्या यंत्रासकट असलेलं शर्मनचं किट मागवलं. ड्रायव्हरची सीट, हातातल्या दोन दांड्या, गोळ्यांचे कप्पे, सगळं आत. झाकण लावल्यावर ह्यातलं काही कुणाला दिसत नाही, तरी ही जमात ते रंगवते, त्याला इलाज नाही. लग्नाच्या फोटोवरून त्यानं दोन पेरांच्या बाबासोंना बारीक मिशी काढली. मग डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून अंगावर सरकवायची अक्षरं. 'बिजली' असं इंग्रजीत लिहिलेलं डेकल जगात कोण छापणार? घरच्या प्रिंटरवर पांढरा रंग येत नाही. त्यानं जुन्या कागदांतून एकेक अक्षर कापलं. जे हे अक्षर काही केल्या मिळेना, तेव्हा यूचा एक पाय तोडून जे केला. म्हातारीला दाखवलं तर तिनं नखानं ते अक्षर अलगद चाचपलं आणि विचारलं, "ह्ये त्यांच्या गाडीचं नाव? लई ब्येस हाय."

सगळं चांगलं चाललं होतं हो. नेमका कुंदन पुस्तक घेऊन आला.

कुंदन दिवाळे गावातला कोळी. घरी खरीखुरी होडी, पण हा पठ्ठ्या खाडीत न जाता खोलीत बसून जहाजांची मॉडेलं करतो. मॉडेलवाल्यांना एकमेकांसाठी फोटो हुडकायचं व्यसनच असतं. सीमेपलीकडच्या कुणा निवृत्त अधिकाऱ्यानं लढाईतले जुने फोटो छापून पुस्तक काढलं होतं, ते त्यानं कुणाकडून तरी मिळवलं. जिना चढून आला तो घामाघूम, आणि पान उघडून टेबलावर ठेवलं.

"दादूस, यो फोटू बग. मना वाटतं यी तुजीच बिजली हाय."

उसाच्या फडात एक शर्मन पुढच्या अंगानं चिखलात रुतून बसलेला. तोफेचा घुमट काळवंडलेला. बाजूला पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत नाव होतं, पहिली तीन अक्षरं शाबूत, पुढची जळालेली. बी, आय, जे. त्या अक्षरांनी नाव सुरू होणारी दुसरी गाडी असेल का? असेलही. पण उदयसिंहनं पुस्तक ठेवून घेतलं.

कुंदन गेला आणि उदयसिंह भिंग घेऊन बसला. वेड म्हणतात ते हेच. शहाण्या माणसानं पुस्तक मिटून माळ्यावर टाकलं असतं. ह्यानं फोटोत घुमट किती वळलाय ते मोजलं आणि आपल्या अर्धवट मॉडेलवर तसाच वळवून ठेवला. तोफ बरोबर डावीकडं आली, ड्रायव्हरच्या दारावर. त्यानं चिमट्यानं दाराची झडप उचलून बघितली. झडप तोफेला अडली.

असू दे, त्यानं स्वतःला समजावलं, रणगाड्याला काय एकच दार असतं? शेजारी जोडीदाराचं दार असतं. फोटोत बघितलं तर गोळा तिथंच लागला होता, झडप आत दबली होती. बुडाला एक दार असतं. बूड चिखलात. चौथी वाट मागून, घुमटाखाली त्याच्याबरोबर फिरणाऱ्या पिंजऱ्यातून. त्या पिंजऱ्याला जाळी असते आणि जाळीत एक फट असते. उदयसिंहनं वरचं झाकण उचलून आत बघितलं. घुमट तसा वळलेला असताना फट दुसऱ्या अंगाला जात होती आणि ड्रायव्हरच्या पाठीशी नुसती जाळी येत होती. त्यानं तीनदा बघितलं.

चारी वाटा बंद होत्या. बाबासोकाका आतच होते.

पुढचे दहा-बारा दिवस त्याचे कसे गेले ते विचारू नका. तो कामावरून यायचा, टेबलाशी बसायचा, घुमट वळवायचा, झडप उचलायचा, ठेवून द्यायचा. डिंकाला हात लावायचा नाही. ना घुमट पक्का केला, ना वरचं झाकण, ना सीटवर नुसता टेकवलेला जवान. बाहेर निघणारा बाबासो चिकटवला तर म्हातारी म्हणणार, बघ, मी म्हणत नव्हते? मग ती ह्या घरातून मेली तरी हलायची नाही. आणि आतला चिकटवला तर?

उज्वलानं त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "झालंय काय तुम्हाला? जेवत नाही, बोलत नाही. एकतीसला पाणी तुटणार आहे, त्याचं काही टेन्शन आहे का?"

त्यानं तिला फोटो दाखवला आणि चारी वाटा सांगितल्या. ती खुर्चीवर बसलीच. डोळ्यांना पदर लावला. मग नाक पुसून म्हणाली, "मग सांगून टाका ना त्यांना. खरं तेच सांगायचंय. त्यांचीही सुटका, आपलीही."

"आपलीही!" उदयसिंह उसळला. "तेच तर, उज्वला! घर खाली करायचंय म्हणून मी माझ्या काकाला जाळू? जिनं मला वाढवलं तिच्या गळ्यातली पोत मी टेम्पोच्या घाईसाठी तोडू? आजपर्यंत घरात कोणाला तिच्याशी खरं बोलावंसं वाटलं नाही. आता आपल्या सोयीचं झालं तेव्हा खरं आठवलं होय?"

"मग तुमचं तुम्ही बघा," उज्वला चिडून म्हणाली. "एवढी अक्षरं छापता, शिक्के छापता, एक पोच छापता येत नाही? रेकॉर्ड ऑफिसची? तळोज्याचा पत्ता मिळाला म्हणून?"

रागाच्या भरात बोलली बिचारी. पण हा खरंच बसला छापायला. ट्रंकेतली जुनी पोच होतीच. जुना कागद मिळवला, टाइप केलेल्या अक्षरांचं वळण जुळवलं, शिक्का असा उठवला की त्याची शाईसुद्धा एका कडेला फिकी. सगळं आयुष्य हेच तर केलं होतं त्यानं, खोट्याला खऱ्याचं रूप द्यायचं. पोच तयार झाली आणि इतकी हुबेहूब झाली की त्याला स्वतःलाच ती खरी वाटायला लागली. आजोबांनी दारात उभं राहून जे केलं तेच आपण टेबलाशी बसून करतोय, दुसरं काय? त्यानं ते पत्र फाडलं, तुकडे बेसिनमध्ये भिजवले, आणि पुन्हा होता तिथंच येऊन अडकला.

एकतीसला तीन दिवस उरले. बिल्डिंगमध्ये दुसरं चिटपाखरू नव्हतं. खालच्या मजल्यांवर कामगारांनी खिडक्यांच्या चौकटी काढायला सुरुवात केली होती, ते ठोके चौथ्या मजल्यापर्यंत यायचे. दुपारची वेळ, उकाडा मी म्हणत होता. उज्वला दवाखान्यात, उदयसिंहनं रजा काढलेली. तो टेबलाशी बसला, घुमट वळवला, झडप उचलली.

"आडतंय न्हवं?" खाटेवरून म्हातारी म्हणाली.

उदयसिंहनं झडप घाईनं मिटली.

"रोज बगती मी. पंधरा दिस झालं. तू तोफ वळीवतोस, दार उचालतोस, दार तोफंला आडतंय. मंग तुजं त्वांड एवडंसं व्हतंय. म्या म्हनलं आज सांगंल, उद्या सांगंल." ती सरळ उठून बसली. "पुस्तकात काय हाय रं, उदा?"

"काही नाही, थोरलीआई."

"सगळ्यांनी मला ह्येच सांगितलं बग. तुज्या आज्यानं, तुज्या बापानं. काय न्हाय, काय न्हाय. साठ वर्सं व्हत आली, मी काय न्हाय ऐकती हाय." तिनं हात पुढं केला. "गुडगं ग्येल्यात माजं, डोळं न्हाय ग्येलं. दाव."

आता कुठं पळणार? त्यानं पुस्तक उचललं, तिच्या मांडीवर ठेवलं, आणि भिंग तिच्या हातात दिलं. "हे नाव बघ. यूचा पाय तोडून मी केला तो हा जे." तिनं अक्षर ओळखलं. उदयसिंहनं मॉडेल उचलून खाटेवर आणलं, आणि मग त्यानं सांगितलं. एकेक वाट दाखवली. हे त्यांचं दार, ह्याच्यावर तोफ. हे जोडीदाराचं, हे दबलेलं. हे बुडाचं, हे चिखलात. ही मागची, इथं जाळी. प्रत्येक दाराला म्हातारीनं बोट लावून बघितलं.

"मंजी आतच ऱ्हायलं," ती शेवटी म्हणाली.

"होय."

"लई येळ लागला आसंल का?"

"नाही, थोरलीआई. एका क्षणात." हे मात्र त्याला माहीत नव्हतं. कुठल्याही पुस्तकात नव्हतं. तरी तो बोलला, आणि त्याबद्दल त्याला कधीही पश्चात्ताप झाला नाही.

खाली ठोके चालू होते. म्हातारी जाळीकडं बघत बसली. उदयसिंहला वाटलं आता ती हंबरडा फोडणार, किंवा त्याला घालूनपाडून बोलणार. तो पाणी आणायला उठला तर तिनं मनगट धरलं.

"माजा बा गाडी घिऊन आलता," ती म्हणाली. "बैलास्नी पानी पाजायलाबी थांबला न्हाय. तुज्या आज्यानं दारातनंच माघारी लावला त्येला. मी आत चुलीम्होरं हुते. आयकत हुते. म्या म्हनलं, मी ग्येले आन् ते आले तर? म्हून न्हाय उठले. नुसती उठले आस्ते तरी जमलं आस्तं रं." आणि मग ती रडली. पदर तोंडात कोंबून, लहान पोरीसारखी. उदयसिंह तिच्या पायाशी फरशीवर बसून राहिला.

रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि मॉडेल मांडीवर ओढलं. एक बोट तोफेला लावलं. घुमट चिकटवलेला नव्हताच, तो गर्रकन वळला. तोफ दारावरून बाजूला गेली, पार मागं. मग तिनं अंगठ्याच्या नखानं ती चिमुकली झडप उचलली. झडप कुठंही न अडता उघडली.

"निगा आता," म्हातारी म्हणाली. "लई दिस झालं."

बसलेला जवान त्या दारातून निघाला नसता. उदयसिंहनं वरचं अख्खं झाकणच उचललं, चिमट्यानं बाबासोंना सीटवरून काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं भिंगातून त्यांची मिशी बघितली. "हितं जरा दाट हुती," एवढंच म्हणाली. पदराचं टोक घेतलं, त्यात त्यांना ठेवलं, आणि बाजारला जाताना पूर्वी सुट्टे पैसे बांधायची तशी घट्ट गाठ मारली.

"उज्वलाला फोन लाव. टेम्पो सांगा. आन् मला कसं उतरवणार त्ये बगा."

उज्वलाला आधी खरंच वाटेना. ती आली तेव्हा तिची नजर पहिली गेली म्हातारीच्या गळ्याकडं. काळी पोत होती तिथंच होती. कुंकूही होतं. उज्वलानं सरळ खोके भरायला घेतले, आणि शहाणपणच केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो लागला. खोके उतरले, ट्रंक उतरली, रणगाडे कापसात गुंडाळून उतरले. शेवटी प्लॅस्टिकच्या खुर्चीत रंगूबाई. एका बाजूला उदयसिंह, दुसऱ्या बाजूला कुंदन.

"आज्ये, धरून बस बरं, हलू नको," कुंदन म्हणाला.

"तूच नीट धर की रं. मला काय न्हाय हुत." एका हातानं तिनं खुर्ची धरली होती आणि दुसऱ्या हातात पदराची गाठ. प्रत्येक मजल्यावर ते दम खायला थांबायचे. दारं काढून नेलेली घरं दोन्ही बाजूंनी उघडी पडली होती. म्हातारी एकेका घरात वाकून बघायची आणि पुढं चला म्हणायची.

खाली तिनं खुर्चीतून पाय जमिनीवर टेकले. तीन वर्षांनी टेकले. उन्हाकडं डोळे बारीक करून बघितलं. टेम्पोत बसवताना उदयसिंहला सवयीनं आठवलं, आणि तो म्हणाला, "थोरलीआई, तळोज्याचा पत्ता रेकॉर्ड ऑफिसला परत एकदा कळवू का? चौथं पत्र घालतो."

"कशापायी?" तिनं गाठ मुठीत आवळली. "संगं हायेत की."